कंपासपेटीतल्या अकरा गोळ्या

सोमवारी सकाळी दहावीच्या वर्गात निळ्या गोळ्या वाटायच्या, प्रत्येकाने त्या माझ्यासमोर गिळायच्या आणि मी रजिस्टरला बरोबरची खूण करायची, हे काम आमच्या शाळेत माझ्याकडे आहे. लोह आणि फॉलिक ॲसिडची ही आठवड्याला एक गोळी सहावी ते बारावीच्या मुलामुलींना सरकारी कार्यक्रमातून मिळते. २०२४-२५ मध्ये एका मुलीच्या नावापुढे मी केलेल्या खुणांपैकी अकरा खोट्या निघाल्या. मी जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं. हे प्रकरण लिहायला घेतलं त्याचं कारण तेच.

शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. पाचवी ते दहावी, पट साडेतीनशेच्या आत-बाहेर. मुलीची ओळख कळेल असं काही इथे लिहिणार नाही. एवढं पुरे की ती तीन किलोमीटरवरच्या वाडीवरून चालत यायची आणि तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. घरी आजी, जिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक भाऊ आमच्याच शाळेत आठवीत, धाकटा वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. नववीत तिला ७४ टक्के होते आणि भूमितीत तिचा हात असा की फळ्यावर वर्तुळ काढायला मी तिलाच उठवायची.

दहावीला हे सगळं ढासळलं. सहामाहीत गणितात काठावर पास. तिसऱ्या-चौथ्या तासाला बाकावर डोकं. जिना चढून आली की भिंतीला हात लावून थांबायची. विचारलं की ठरलेलं उत्तर: "काही नाही मॅडम." शिक्षकखोलीत तिच्यावर दोन मतं होती. एक, दहावीला आल्यावर पोरींचं लक्ष उडतं. दुसरं, मोबाइल. तिच्या घरात एकच फोन होता, आजीचा बटणाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या वर्षी साखर कारखान्यांचं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. दिवाळी झाली तशा वाडीवरच्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून गेल्या. इकडे आम्ही निम्मे शिक्षक निवडणुकीच्या ड्यूटीवर. प्रशिक्षण, साहित्य ताब्यात घेणं, केंद्र, मोजणी. नोव्हेंबरचे दोन आठवडे शाळेत कोण आलं, कोण नाही, हे धड कुणी पाहिलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की ही मुलगी नोव्हेंबरात सलग पाच दिवस नव्हती, आणि ११ डिसेंबरपासून पुन्हा नाही.

शुक्रवारची गृहभेट

मुलगी दहावीची, आईबाप उसाच्या फडावर, पोरगी गैरहजर. एवढं कळलं की आमच्या भागात पहिला विचार लग्नाचाच येतो, आणि तो उगाच येत नाही. ऊसतोडीत मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलीचं लग्न लवकर झालं की एक कोयता तयार होतो, आणि वयात आलेली पोर सहा महिने म्हातारीच्या भरवशावर सोडायचा घोरही मिटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. माझ्या वर्गातून दोन वर्षांत तीन मुली अशाच गेल्या होत्या. तिसरीच्या वेळी आम्हाला कळलं ते हळद लागल्यावर.

त्यामुळे या वेळी उशीर करायचा नाही असं ठरलं. शाळेतल्या सखी सावित्री समितीची बैठक घेतली. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत आहे. आमच्याकडे तोवर ती एका फाइलमध्ये होती, पहिल्यांदाच उठून चालायला लागली म्हणून सगळ्यांना हुरूप होता. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो, म्हणून त्यांना बोलावलं. मुख्याध्यापक सर, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई आणि मी, असे चौघं १३ डिसेंबरला, शुक्रवारी दुपारी दोन मोटारसायकलींवर वाडीवर गेलो.

आजी ओसरीत बसली होती. पोरगी कुठाय विचारलं, तर म्हणाली, "आजारी हाय." काय होतंय? "आजारीच हाय की." आत आहे का? उत्तर नाही. बाहेर बोलवा म्हटलं, तर आजी दारात आडवी उभी राहिली. ग्रामसेवकांनी कायदा सांगितला, २००६ चा, शिक्षेसकट. तोवर कुंपणाला दहा-बारा माणसं जमली होती. आजी थरथरत म्हणाली, "आमच्या घरी लगीन न्हाई काय न्हाई. तुमी जा." आम्हाला ते लपवणं वाटलं. परत येताना सर म्हणाले, "काहीतरी शिजतंय." मीही मान डोलावली.

मुलगी त्यानंतर २३ डिसेंबरपर्यंत शाळेत आली नाही. वाडीवर पसरलं ते असं की अमक्याच्या पोरीचं लग्न मोडायला साहेब लोक आले होते. मुकादमाच्या फोनवरून ती बातमी कोल्हापूरकडच्या फडावर गेली तेव्हा तिचं झालं होतं "पोलीस आले." आईने दोन दिवस फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटवली नाही. बापाने ठरवलं की पोरीला इकडेच घेऊन यायचं, डोळ्यापुढे तरी राहील. म्हणजे जे टाळायला आम्ही गेलो, त्याच्याकडे तिला ढकलायला आमचीच गृहभेट कारण होणार होती. हे मला जानेवारीत कळलं. तेव्हा मी चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ तशीच बसले होते.

हजेरीपट

नाताळच्या सुट्टीत हजेरीपट घरी आणला. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते आणि हिची त्याखाली जात होती, म्हणून दिवस मोजायला बसले. मोजताना मागची पानं उलटावी लागली. सप्टेंबर: २० आणि २१ गैरहजर. ऑक्टोबर: १७ ते १९. नोव्हेंबर: १४ ते १९, मधला रविवार सोडून. डिसेंबर: ११ पासून.

तारखा एकाखाली एक लिहिल्या. दोन तारखांमधलं अंतर सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तावीस दिवस. बाईमाणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

आईबाप गेल्यावर पोर गळाली, हा आमचा सगळा तर्क होता. पण गैरहजेरी आईबाप गेल्यावर सुरू झालेलीच नव्हती. सप्टेंबरात ती दोन दिवसांची होती, कारण तेव्हा पाणी आणायला आई होती. समितीच्या बैठकीत मी फक्त नोव्हेंबर-डिसेंबरची पानं नेली होती. मागची दोन पानं उलटली असती तर ग्रामसेवकांना बोलावलंच नसतं.

आणि मग ओसरीतली आजी आठवली. आमच्या चौघांत पुरुष दोनच होते, पण तेवढे पुरेसे होते. नात "बाहेर बसली" आहे हे ती सरांसमोर आणि ग्रामसेवकांसमोर कुठल्या तोंडाने सांगणार? आडवी उभी राहिली ती त्यासाठी.

सोमवार, ३० डिसेंबर

त्या दिवशी शेवटच्या तासाला वर्तुळाच्या रचना घेत होते. माझ्या कंपासची पेन्सिल तुटली म्हणून हिच्या बाकावरची पेटी उचलली आणि उघडली. कोनमापकाखाली गोळ्या होत्या. शिसाच्या भुकटीने काळवंडलेल्या, कडा झिजलेल्या, काहींचा निळा रंग उडून आतला पांढुरका भाग दिसणाऱ्या. सगळ्यात वरची स्वच्छ निळी, त्याच दिवशी सकाळची. मी पेटी बंद करून जागेवर ठेवली आणि दुसऱ्याचा कंपास घेतला. वर्गात एक अक्षर बोलले नाही. या प्रकरणात मी बरोबर वागले असं वाटणारी जी दोन-तीन ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक.

शाळा सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत बोलावलं, उत्तरपत्रिका लावायला. ऑफिसात बोलावलं की मुलं उत्तरं देतात, बोलत नाहीत. हाताला काम असलं की बोलतात. "काय झालंय" हा प्रश्न मी सहा महिने विचारत होते आणि "काही नाही" हे उत्तर घेत होते. त्या दिवशी म्हटलं, "आज उठल्यापासून काय काय केलंस ते सांग बरं, क्रमाने."

ती सांगत गेली. साडेचारला उठणं. हापशावरून पाण्याच्या सहा खेपा, कारण सातनंतर रांग लागते. शेळ्या. भाकरी पंधरा, दोन्ही वेळच्या. धाकट्याची तयारी. आजीच्या डोळ्यांत थेंब. मग चहा आणि एक बटर, आणि शाळेची वाट.

"डबा?"

"डबा आणत नाही मॅडम."

"का गं?"

"आठवीपर्यंत लागत नव्हता."

हे वाक्य ऐकून मी हातातल्या उत्तरपत्रिका खाली ठेवल्या. शालेय पोषण आहार पहिली ते आठवीला आहे. आठवीपर्यंत ती दुपारी शाळेत खिचडी खायची. नववीला गेली आणि ताट बंद झालं, पण घरात डबा नावाची गोष्टच नव्हती, ती काही आपोआप सुरू झाली नाही. ज्वारी मोजून ठेवलेली असते, भाकरी कमी पडली तर ती आजीला आणि पोरांना कमी पडता कामा नये. दोन वर्षं ही मुलगी सकाळच्या चहावर संध्याकाळपर्यंत राहत होती. आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींना ते माहीत होतं. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दुपारी नळावर जाऊन नुसतं पाणी पिती ती. म्या करपलेली देऊ केली दोनदा, पर सर वरडतेत म्हणून ती घेईना." मावशींना कुणी कुठल्या समितीत घेतलेलं नव्हतं.

गोळीचंही तिथेच होतं. लोहाची गोळी उपाशीपोटी मळमळते. ती जेवणानंतर द्यायची असते, सूचनांत तसं स्पष्ट आहे. खालच्या वर्गांना ती खिचडीनंतर मिळते. नववी-दहावीला मी सकाळी पहिल्या तासाला वाटायची, कारण पटावर सगळे असतात आणि रजिस्टर लवकर आटोपतं. गणपतीतल्या सोमवारी हिने गोळी घेतली आणि वर्गातच ओकली. मागच्या बाकावरची पोरं हसली, एक जण काहीतरी घाणेरडं बोललाही. पुढच्या खेपेपासून गोळी जिभेखाली आणि तिथून पेटीत. टाकून का दिली नाहीस, विचारलं. म्हणाली, "सरकारी हाय ना मॅडम. टाकायची कशी?"

पाळीचं तिने मला सांगितलं नाही. मीही ओढून काढलं नाही. ते तिने दोन दिवसांनी गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, आशाताईंना सांगितलं, मी बाजूला बसलेली असताना. आठ-नऊ दिवस जातं, पहिले चार दिवस उठवत नाही, कापडाच्या घड्या बदलायला जागा नाही. आईला माहीत आहे का? आहे. आई म्हणते, आमच्यात असंच जातं, आणि नंतर पिशवी काढतात. हे वाक्य तिने इतक्या सरळपणे म्हटलं की आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. आकडा मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता. तिच्या घरात तो आकडा नव्हता, रीत होती. तिच्या आईची पिशवी तिशीच्या आत काढलेली. जास्त रक्त जाणं हा आजार आहे आणि त्याला औषध असतं, हे त्या घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

आठ पूर्णांक चार

२ जानेवारीला प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. या वयाच्या मुलीला किमान १२ हवं. आठच्या खाली तीव्र धरतात, म्हणजे ही उंबरठ्यावर होती. जिन्यात थांबणं, बाकावर डोकं, भूमितीतला हात थरथरणं, सगळ्याचा उलगडा त्या एका चिठ्ठीत होता. देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आहे. आपण वर्गात उभं राहून लक्ष न देण्याबद्दल बोलतो तेव्हा हे डोक्यात ठेवलं पाहिजे असं मला आता वाटतं.

डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळीऐवजी रोजचा डोस दिला, रात्री जेवणानंतर. जंताची गोळी दिली. चहा आणि गोळी यांत अंतर ठेवायचं, वर लिंबू घ्यायचं, शौचाला काळं होईल त्याला घाबरायचं नाही, हे समजावलं. हे शेवटचं कुणी न सांगितल्यामुळे किती पोरी गोळ्या सोडतात कोण जाणे. जास्त रक्तस्रावासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, तिथे तपासण्या होऊन त्या दिवसांपुरतं औषध मिळालं.

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, आपण मरणार असं रात्री वाटतं, हेही तिने डॉक्टरांना सांगितलं. रक्त कमी असलं की धडधडतंच, पण सगळं त्यावर ढकलू नये. रात्री आईचा फोन यायचा, त्यावर रोज "सगळं बरंय" म्हणायचं आणि मग जागं राहायचं, असं तिचं दोन महिने चाललं होतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आमच्या व्हरांड्यात रंगवलेला आहे. मी तिला तो दिला. मग लक्षात आलं, फोन आजीचा, रेंज टेकडीवर, आणि बोलायचं ते आजीबद्दलच. शेवटी दर बुधवारी मधल्या सुट्टीत माझ्या फोनवरून, प्रयोगशाळेचं दार लोटून ती तिथल्या समुपदेशक ताईंशी बोलू लागली. मी बाहेर बसायची. काय बोलली ते मी विचारलं नाही.

वाडीवर मी पुन्हा गेले, या वेळी एकटी, शनिवारी, बाजाराच्या दिवशी, कारण तेव्हा कुंपणाला माणसं नसतात. आजीची माफी मागितली. ती खूप वेळ शेळीला पाला घालत राहिली. मग म्हणाली, "तवा मानसं व्हती बाई. तुमी येकल्या आल्या असत्या तर सांगितलं असतं." पुढे तिने जे सुनावलं ते लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. आईबापांशी तिच्याच फोनवरून बोलले. बापाला पटायला तीन फोन लागले. पोरगी फडावर गेली नाही.

तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी सरकारी वसतिगृह आहे, तिथे तिला ठेवावं असं सरांचं मत होतं. कागदावर उत्तम उपाय. ती गेली असती तर पाणी आठवीतल्या भावाने आणलं असतं आणि भाकरी कुणीच केली नसती. तिनेच नकार दिला. मी सरांच्या विरुद्ध तिची बाजू घेतली, आणि तो निर्णय बरोबर होता की नाही याबद्दल आजही माझ्या मनात दोन बाजू आहेत. पाण्याचं मात्र जमलं: भाऊ तीन खेपा आणू लागला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, असं तो म्हणाला.

दहावीच्या गोळ्या मी मधल्या सुट्टीनंतर हलवल्या. जानेवारीपासून जादा तास असतात, त्या निमित्ताने सगळ्या वर्गाला शेंगदाणे आणि गूळ, शिक्षकांच्या वर्गणीतून. सगळ्यांना, कारण एकीलाच दिलं असतं तर तिने घेतलं नसतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की डबा न आणणारे वर्गात अकरा जण होते. हजेरीतली तूट क्षमापित करायला वैद्यकीय दाखल्यासह प्रस्ताव छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे गेला.

परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. तारखा मांडून पाहिल्या तर तिची पाळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, नेमकी गणिताच्या पेपरांजवळ येत होती. औषध आधी सुरू केलं, पॅड आणि जादा गणवेश केंद्रावरच्या ओळखीच्या बाईंकडे ठेवला. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ९.६ होतं, मार्चअखेर १०.९. १३ मेला निकाल लागला, ६६ टक्के. नववीहून आठ कमी. सरांनी फलकावर तिचं नाव लावलं नाही, पहिल्या दहात नव्हती. आता ती तालुक्याला अकरावीला आहे, एसटीच्या मोफत पासवर.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही. येईल तेव्हा त्या माणसाला मी आधी मावशींकडे नेणार आहे, चुलीपाशी.

तिचा भाऊ जूनमध्ये नववीला आला. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह चौदाव्या वर्षापर्यंत, खिचडी आठवीपर्यंत, दोन्ही गोष्टी त्याच्याही हातून एकाच उन्हाळ्यात सुटल्या. जूनच्या तिसऱ्या सोमवारी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून पाहिलं तर तो नळावर ओंजळ धरून उभा होता. मी गोळ्यांचं पाकीट पिशवीत परत ठेवलं आणि त्याला हाक मारली.